दुसरा रकाना

फुसाएची मशीनवरची जागा गेल्याचं पत्र आलं, त्या दिवशी सकाळपासून भट्टी पेटलेली होती. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. कोझोच्या झाडांची पानं झडून गेली होती. फांद्या तोडून, सारख्या लांबीच्या करून मोळ्या बांधून झाल्या होत्या. दोन मोळ्या कढईवर उभ्या करून त्यांच्यावर लाकडी पिंप उपडं घातलं होतं. पिंपाच्या कडेनं वाफ सुटत होती आणि अंगणभर उकडलेल्या रताळ्यासारखा वास पसरला होता. या झाडाच्या सालीचा कागद होतो. पण फांदी वाफवल्याशिवाय साल सुटत नाही, आणि गरम असतानाच ओढली नाही तर पुन्हा चिकटून बसते. त्यामुळे पिंप उचललं की तासभर कोणी कोणाशी बोलत नाही.

पोस्टमन आला तेव्हा तिचा नवरा तोकुझो दोरीनं पिंप वर ओढत होता. फुसाएनं हात पुसले, पाकीट फोडलं, पत्र वाचलं, घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं. मग बादलीतलं गार पाणी फांद्यांवर शिंपडलं आणि चटईवर बसून साल ओढायला घेतली. डाव्या हातावर तिनं नेहमी मऊ कापडाची बाही चढवलेली असायची. त्या हाताची शीर सुया टोचून टोचून दोरखंडासारखी फुगली होती. म्हणून फांदी डाव्या काखेत धरायची आणि उजव्या हातानं ओढायचं, अशी तिची रीत झाली होती. मोजा काढावा तशी साल एका ओढीत सुटायची. तोकुझोला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही दोनदा ओढावी लागायची.

शेवटची फांदी झाल्यावर ती म्हणाली, "हॉस्पिटलचं पत्र आहे. वर्ष सरेपर्यंत इथे. जानेवारीपासून शहरात."

"कोणी?"

"मी. आणखी सहाजण आहेत. नावं नाही दिलेली, वयं दिलीत. सत्तरच्या वरचे सगळे."

तोकुझोनं पत्र घेतलं. चष्मा घरात होता. त्यानं ते नुसतंच धरलं.

"तासभर झाला की पत्र येऊन. तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"साल थंड झाली असती."

*

गावातल्या हॉस्पिटलात डायलिसिसवर सतराजण होते. रक्त धुवायच्या मशीन दहा होत्या आणि पाळ्या दोन. दोन नर्सेस नोकरी सोडून गेल्या, नव्या मिळेनात. एक पाळी बंद करायची ठरली. सातजणांना घाटापलीकडे, दोन तासांवरच्या शहरात जावं लागणार होतं. कोणी जायचं हे डॉक्टरांनी एकट्यानं ठरवू नये, लोकांना विचारावं, असं नगरपालिकेचं म्हणणं पडलं. म्हणून सप्टेंबरात, भातकापणीच्या धांदलीत, फिरत्या पाटीवर तो कागद आला होता.

पाटी म्हणजे चिमटा लावलेला पुठ्ठा. वाडीत अकरा घरं. गटार साफ करायचा दिवस असो, उंदरांचं औषध असो, कोणाच्या घरची माती असो, सगळं पाटीवरून कळायचं. वाचायचं, आपल्या घराच्या चौकोनात शिक्का उठवायचा आणि पाटी पुढच्या घराच्या दाराला अडकवायची. दोन दिवसांच्या वर घरात ठेवायची नाही. पाटी इवानेच्या घरापासून सुरू व्हायची, कारण तो वाडीचा मुख्य. तोकुझोचं घर पाचवं.

त्या कागदावर तीन रकाने होते. पहिल्यात, चिठ्ठ्या टाकाव्यात. दुसऱ्यात, वयानं लहान आणि कमावत्या माणसांनी इथे राहावं, थोरांनी शहरात जावं. तिसऱ्यात, ज्यांचे उपचार आधी सुरू झाले त्यांनी इथे राहावं. एका घराचा एक शिक्का. फुसाएला मशीनवर नववं वर्ष होतं. सतराजणांत तिच्याआधीचे दोघंच होते.

पाटी आली तेव्हा दुसऱ्या रकान्यात चार शिक्के होते, एकाखाली एक, सरळ. सगळ्यात वर इवानेचा, तांबडाभडक.

तोकुझो शिक्का हातात घेऊन बसला. "तिसऱ्यात लावतो."

फुसाए विळ्याला धार लावत होती. "पाटी इथून कोणाकडे जाते?"

"मात्सुएकडे."

"मग ती काय म्हणेल? म्हणेल, तोकुसाननं आपल्या बायकोपुरतं बघितलं."

"म्हणू दे."

"तुम्हाला सोपं आहे म्हणू दे म्हणायला. तिच्याशेजारी चिखलात दिवसभर मी वाकते." तिनं विळ्याची धार अंगठ्यानं चाचपली. "इवानेसान एक्याऐंशीचे. त्यांनी लावलाय दुसऱ्यात. आपण काय त्यांच्यापेक्षा म्हातारे झालो?"

"तुझं नाव असेल त्यात."

"एवढ्या गावात एका घराच्या शिक्क्यानं काय होणार आहे? लावा आणि पाटी देऊन या. कापणी पडलीय."

शाईची डबी तिनंच पुढे सरकवली. तोकुझोनं दुसऱ्या रकान्यात शिक्का दाबला. जरा वाकडा उठला.

*

पत्राची बातमी वाडीत दुसऱ्या दिवशी पोचली. मात्सुए साल ओढायला आली होती. एकमेकांच्या भट्टीवर हात लावायचा हा जुना रिवाज. ती विधवा, बासष्टची, जीभ तिखट. इवानेही दोन मुळे घेऊन आला आणि पायरीवर टेकला.

बराच वेळ सालीचा चर्र आवाज तेवढा येत राहिला.

मात्सुएला गप्प राहवेना. "मी खरं सांगते फुसाए. पाटी आली तेव्हा मी तिसऱ्यातच लावणार होते. बघते तर तुमचा शिक्का दुसऱ्यात. म्हटलं, ज्यांच्या घरात माणूस आहे त्यांनीच लावलाय, तर मी कोण शहाणी?"

"बरोबर केलंस," फुसाए म्हणाली.

"तिसऱ्यात लावला असता तर तुम्हालाच खाली पाहायला लावल्यासारखं झालं असतं."

"हो ना."

तोकुझोनं हातातली फांदी खाली ठेवली. "इवानेसान, तुमचा शिक्का पहिला होता."

"पहिलाच असतो माझा."

"तुमच्या मनात तेच होतं?"

इवानेनं मुळ्याची माती नखानं खरवडली. "मी एक्याऐंशीचा. माझीही किडनी धड नाही, उद्या मलाही मशीन लागेल. म्हाताऱ्यांना राखा म्हणून म्हाताऱ्यानं शिक्का लावायचा? काही लाज असते की नाही? मनात म्हणाल तर चिठ्ठ्या होत्या. चिठ्ठी कोणाचं तोंड बघत नाही."

"मग चिठ्ठ्यांवर लावायचा होता."

"मला वाटलं, मी आपला माझ्यापुरता मागे सरतोय. माझ्या मागून सगळी वाडी सरेल हे मला काय ठाऊक?"

मात्सुए फिस्कारली. "नाही कसं ठाऊक? पन्नास वर्षं वाडी तुमच्याच मागून सरतेय. गटार साफ करायलासुद्धा तुमचं फावडं उचललं गेलं की मगच बाकीचे उठतात."

"मग तू तरी बोलायचंस."

"मी सहावी."

फुसाए हसली. हसताना तिला दम लागला आणि तिनं तोंडावर हात धरला. तोकुझोला कोणावर तरी रागवायचं होतं. त्यानं इवानेकडे पाहिलं, मात्सुएकडे पाहिलं. दोघांचे हात सालीच्या चिकानं काळे झाले होते, त्याच्याच कामात.

*

तो नगरपालिकेत गेला. शिक्का रुमालात गुंडाळून खिशात घेतला होता. आरोग्य विभागाच्या टेबलावर नोनाका नावाची तरुण बाई होती. तिनं उठून त्याला खुर्ची दिली.

"आमच्या घराचा शिक्का तिसऱ्या रकान्यात हवा होता," तो म्हणाला.

"चुकून दुसरीकडे लागला का?"

तोकुझोनं विचार केला. "चुकून नाही."

"मग?"

"मनात होतं ते लागलं नाही."

तिनं खणातून दुरुस्तीचा एक फॉर्म काढला. नाव, पत्ता, वाडी. खाली 'कारण' असं लिहून दोन ओळी मोकळ्या होत्या. तोकुझो पेन घेऊन बराच वेळ बसला. मग त्यानं 'बायको' एवढंच लिहिलं आणि शिक्का उठवला. तिनं ते वाचलं.

"आजोबा, मी हा घेते. पण साडेनऊशे घरं आहेत. त्यातली आठशेच्या वर दुसऱ्यात आहेत."

"त्यातली किती मनातून?"

"ते कसं कळणार?"

"पाटीऐवजी बंद पाकिटं दिली असती तर?"

तिनं मागच्या टेबलाकडे पाहून आवाज खाली आणला. "आमच्यात कोणीतरी म्हणालं होतं तसं. पण पाकीट दिलं की लोकांना वाटतं, आपल्यावर भरवसा नाही. नेहमी पाटीच फिरते ना." मग म्हणाली, "माझी आजी बहात्तरची आहे. ती या यादीत नाही, पण आमच्याही घराचा शिक्का दुसऱ्यातच आहे. मीच लावला."

ती त्याला दारापर्यंत सोडायला आली आणि कमरेत वाकली. तोकुझोही वाकला. आत टेबलांवरचे सगळे बघत होते. फॉर्मवर 'मिळाला' असा शिक्का मारून तिनं एक प्रत त्याला दिली होती. घरी फुसाएनं विचारलं, कुठे गेला होतात? तो म्हणाला, खिळे बघायला.

*

वर्ष संपायच्या आधी कुराता शिंपेइ आला. पलीकडच्या वाडीतला, एकोणचाळीसचा. टोफूचं दुकान, दोन लहान मुली. तो दुपारच्या पाळीत, फुसाएच्या शेजारच्या खाटेवर असायचा. तीच पाळी बंद होत होती आणि तो सकाळच्या पाळीत जात होता.

ओला डबा पुढे ठेवून तो उंबऱ्याबाहेर गारठलेल्या दगडावर गुडघे टेकून बसला. आत ये म्हटलं तरी येईना.

"काय बोलावं ते मला समजत नाही," तो म्हणाला.

"मग बोलू नकोस," फुसाए म्हणाली. "धाकटीचा दात आला का?"

"आला. पुढचा."

"वाकडा नाही ना?"

"थोडा."

"तुझ्यावर गेलीय."

कुराता हसला नाही. मान खाली घालून म्हणाला, "आमच्या वाडीनं चिठ्ठ्यांवर शिक्के लावले होते. पाटी देवळातल्या पुजाऱ्यांपासून सुरू होते. त्यांनी पहिल्या रकान्यात लावला, मग चौदाच्या चौदा घरांनी तिथंच. माझासुद्धा तिथं आहे. तेवढं तुम्हाला कळावं म्हणून आलो."

तोकुझो दाराशी उभा होता. "म्हणजे तुला चिठ्ठ्या हव्या होत्या?"

कुरातानं डब्याचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाला, "मला जागा हवी होती."

"बरोबर आहे," फुसाए म्हणाली. "खरं बोललास. आता ऊठ, गुडघे धरतील. तुझे गुडघे अजून पुष्कळ दिवस चालायचेत."

तो गेल्यावर तोकुझोनं डबा उघडला. टोफू ताजा होता, अजून कोमट. त्याला तो खाऊ नये असं वाटत होतं. पण फुसाएनं ताटलीत काढला, आपल्याला दोन घास घेतले आणि उरलेला त्याच्यापुढे ठेवला. चांगला होता. त्यानं सगळा खाल्ला.

*

जानेवारीपासून मंगळवार, गुरुवार, शनिवार शहर. पूर्वी गावातलं हॉस्पिटल आपल्या गाडीनं न्यायचं, आणायचं. शहरातल्याची गाडी घाट चढत नव्हती. आठला उठून तोकुझो छोट्या ट्रकच्या चाकांना साखळ्या चढवायचा. बोटं बधिर व्हायची, कडी लागायची नाही. दहाला निघायचं, बाराला पोचायचं, एक ते पाच मशीन. तो चार तास ट्रकमध्येच बसायचा. वरच्या प्रतीक्षागृहात ऊब होती, पण उबेत त्याला झोप यायची, आणि झोपाळलेल्या अंगानं घाट उतरायची त्याला भीती वाटायची.

परतताना फुसाए पांघरुणात गुंडाळून बसायची. मशीननंतर तिला हुडहुडी भरायची आणि पायात गोळे यायचे. मग तो रस्त्याच्या कडेला ट्रक थांबवायचा, तिचा पाय मांडीवर घ्यायचा आणि पोटरी चोळायचा. मागची गाडी हॉर्न वाजवून पुढे जायची.

"इथंच शहरात एखादी खोली बघा," असं शहरातली नर्स हिरोसे म्हणाली. फुसाए मशीनवर असताना तोकुझोनं दोन दलालांकडे जाऊन पाहिलं. पहिल्यानं वय विचारलं आणि चहा दिला. दुसरा स्पष्ट बोलला, "आजोबा, वाईट वाटून घेऊ नका. घरमालक सत्तरच्या पुढचे भाडेकरू घेत नाहीत. खोलीत काही बरंवाईट झालं की मग ती खोली कोणी घेत नाही."

त्यानं फुसाएला हे सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

कामाचे दिवस चार उरले आणि त्यातला एक निव्वळ झोपेत जायला लागला. तोडलेल्या फांद्या शेडमध्ये वाळू लागल्या. वाळलेल्या फांदीची साल वाफेलाही नीट सुटत नाही, मध्येच तुटते. तुटक्या सालीचा कागद करत नाहीत. फुसाए मशीनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चटईवर येऊन बसायची. तोकुझो म्हणायचा, पडून राहा. ती म्हणायची, पडून काय वेगळं होणार आहे?

एका गुरुवारी घाटातल्या तिसऱ्या वळणावर ट्रक घसरला. मागचा भाग हळूच फिरला आणि बर्फाच्या ढिगाला टेकून थांबला. पलीकडे दरी होती. वायपर फिरत होता.

"ट्रकला लागलं का?" फुसाएनं विचारलं.

"नाही."

"मग चला."

घराच्या जवळ आल्यावर ती म्हणाली, "त्यांनी कागदात थोरांनी जावं असं लिहिलं होतं. थोरांना नेणारा आणखी थोर असतो, ते कोणी धरलं नाही."

*

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बर्फ पडायला लागला तो थांबेना. मंगळवारी घाट बंद. गुरुवारीही बंद. शनिवारनंतर फुसाए मशीनवर गेली नव्हती. डोळ्यांखाली सूज आली होती, अंगठ्या रुतल्या होत्या. पाणी बेतानंच प्यायचं असायचं, म्हणून ती बर्फाचा खडा गालात धरून बसायची.

खोऱ्यातला रस्ता मात्र साफ होता. गुरुवारी सकाळी तोकुझोनं तिला ट्रकमध्ये बसवलं आणि गावातल्या हॉस्पिटलात नेलं. ती म्हणाली, मी इथंच बसते, तुम्ही विचारून या. मला बघून त्यांना नाही म्हणायला जड जाईल.

मशीनच्या खोलीत दहा खाटा भरलेल्या होत्या. थोरली नर्स बाहेर आली. नऊ वर्षं तिनंच फुसाएला सुया टोचल्या होत्या.

"एकदाच," तोकुझो म्हणाला. "घाट उघडेपर्यंत. चार तास."

"दुपारी मशीन रिकाम्या असतात, आजोबा. मशीन आहे, माणूस नाही. आम्ही दोघी. दुपारी आम्ही नसतो, आम्हाला दुसऱ्या वॉर्डात घालतात."

"मग सकाळच्यातली एक."

ती बोलायच्या आत पलीकडच्या खाटेवरून कुराता उठून बसला. त्यानं सगळं ऐकलं होतं. "माझी घ्या. मला आज नाही झालं तरी चालेल. शनिवारी धुवीन."

"झोप तू," नर्स म्हणाली.

"माझी मर्जी आहे."

"तुझ्या हातात सुई आहे." मग ती तोकुझोकडे वळली. तिचा आवाज कडक नव्हता. "हे एकदा होऊ दिलं तर उद्या हा दुसरा देईल, परवा तो तिसरा. या गावातली माणसं मागत नाहीत, आजोबा. पण कोणी दारात उभं राहिलं की स्वतःचं काढून देतात. मग रोज कोणीतरी कोणाला तरी देत राहील, आणि त्यात कोण मरेल ते मला कळायचंही नाही. म्हणून नाही म्हणते. श्वास लागला तर ॲम्ब्युलन्स बोलवा. मग नियम वेगळा."

"श्वास लागायची वाट पाहायची?"

ती वाकली. कुराताही खाटेवर बसल्या बसल्या वाकला, सुईचा हात सरळ ठेवून. तोकुझोला त्या बाईचं बोलणं खोटं म्हणता येईना. तिच्या जागी तो असता तर हेच म्हणाला असता, आणि हे कळत असल्यामुळे त्याला तिथं उभं राहवेना.

ट्रकमध्ये फुसाएनं विचारलं, "कुराताचा चेहरा कसा आहे?"

"बरा आहे."

"त्याला म्हणावं मीठ कमी कर. टोफूवर सॉस ओततो."

दुपारी त्यानं भट्टी पेटवली, कारण घरात नुसतं बसणं होईना. कढईच्या कडेला त्यानं आपल्यासाठी दोन रताळी ठेवली होती. पिंप उचललं तेव्हा ती शिजून फुटली होती. फुसाए चटईवर बसली होती. नऊ वर्षांत तिनं रताळं खाल्लं नव्हतं. तिच्यासारख्यांनी ते खायचं नसतं, रक्तात साठतं आणि हृदयाला त्रास होतो, हे हॉस्पिटलच्या भिंतीवर चित्र काढून लिहिलेलं होतं.

"अर्धं द्या," ती म्हणाली.

"नको."

"अर्धंच. कडेचं."

तोकुझोनं रताळं मोडलं. लहान अर्धं तिला दिलं. ती फुंकर मारत, सालीसकट, हळूहळू खात राहिली. तिच्या हनुवटीला लागलं ते त्यानं बाहीनं पुसलं. दोघांनी मिळून पुढची मोळी सोलून काढली.

शुक्रवारी सकाळी आकाश मोकळं झालं. रस्त्यांच्या कचेरीतून कळलं, दुपारी घाट उघडेल. तोकुझोनं शहरात फोन करून विचारलं, आज जागा मिळेल का? हिरोसे म्हणाली, आज सगळ्या भरल्यात, उद्या एकची तुमची आहेच, लवकर आलात तर लवकर लावू. फुसाए म्हणाली, मग आज उरलेली मोळी काढू. ती ओढत होती. तोकुझो लाकूड आत सारत होता. सालीचा आवाज थांबला, म्हणून त्यानं मान वळवली. साल फांदीवर अर्ध्यापर्यंत आली होती आणि फुसाए एका कुशीवर कललेली होती, झोपावं तशी. त्यानं तिचा डावा हात धरला. त्या फुगलेल्या शिरेत सतत एक घुमणं असायचं, भुंगा डबीत कोंडल्यासारखं. नऊ वर्षं झोपताना तो त्यावर बोट ठेवायचा. ते घुमणं नव्हतं.

ॲम्ब्युलन्स अर्ध्या तासानं आली. डॉक्टरांनी कागदावर हृदय असं लिहिलं.

"मी तिला काल रताळं दिलं होतं," तोकुझो म्हणाला. "अर्धं."

डॉक्टर लिहीत राहिले. मग म्हणाले, "दोन पाळ्या चुकल्या होत्या ना?"

"हो."

"मग ते कशानं झालं, आता सांगता येत नाही."

*

वाडीनं सगळं केलं. अकरा घरांतून माणसं आली, बायकांनी भात रांधला, पुरुषांनी रस्त्यावरचा बर्फ ओढला. इवाने चटईवर कपाळ टेकवून बसला तो उठेना, शेवटी दोघांनी धरून उठवला. कुराता बायको-मुलींना घेऊन आला आणि मागच्या रांगेत बसला. शिक्क्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मात्सुएनं भट्टीतली अर्धी राहिलेली मोळी सोलून, साल दांडीवर वाळत घातली. ती म्हणाली, तोकुसान, वाळलेल्या फांद्यांचं काय करू? तो म्हणाला, जाळ.

शनिवारी घरात माणसं भरलेली असताना, दीड वाजता फोन वाजला होता. तोकुझोनंच घेतला.

"मी हिरोसे. फुसाएसान आल्या नाहीत अजून? घाट उघडला ना?"

तोकुझोच्या मागे पुजारी मंत्र म्हणत होते. त्यानं फोनच्या तोंडाशी हात धरला. "आमच्याकडे वाट बंद आहे. बर्फ आहे."

"कशा आहेत त्या?"

"पडून आहे."

"पाणी कमी द्या हं. मंगळवारी नक्की आणा. जागा धरून ठेवते. खरं तर यादीत एक बाई आहेत, अडुसष्टच्या, किनाऱ्याकडून येतात, त्या दोन महिने थांबल्यात. येणार नसाल तेव्हा आधी सांगत जा, म्हणजे तेवढा एक दिवस तरी त्यांना देता येईल."

"मंगळवारी येतो," तोकुझो म्हणाला.

मंगळवारी ऊन पडलं होतं. रस्ता काळा, कोरडा दिसत होता. फोन पुन्हा वाजला. तो म्हणाला, अजून बर्फ आहे. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, बरं, गुरुवारी. तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला की नाही, हे त्याला कळलं नाही. खोटं बोलायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं. घाटापलीकडे एका खाटेवर एक वाजता फुसाएचं नाव लागतं, एवढंच एक तिचं म्हणून उरलं होतं.

बुधवारी त्यानं तिचे कपडे मात्सुएकडे दिले, औषधं गावातल्या हॉस्पिटलात परत केली, नगरपालिकेत जाऊन तिचं नाव कमी करून आणलं. नोनाकानं सगळे कागद उभ्या उभ्या करून दिले. गुरुवारी सकाळी त्यानं फोनपुढे बसून शहरातल्या हॉस्पिटलचा नंबर काढला. किनाऱ्यावरची ती बाई कोणत्या गाडीनं येत असेल, तिला कोण आणत असेल, याचा विचार करत तो दहा वाजेपर्यंत बसला. मग अकरा वाजले.

बाकी सगळं आवरून झालं आहे. फुसाए येणार नाही, एवढं त्यांना सांगायचं राहिलं आहे.